शालूच्या कपाळातलं हाड

मंगळवार, २१ जानेवारी

आई गावदेवी, लिहायला फार उशीर झाला, राग मानू नकोस. डॉक्टरांनी सांगून आज एकोणीस दिवस झाले आणि मी आता कुठे बसतोय. माझं शिक्षण सहावीपर्यंत, तेही अर्धं, कारण नंतर मिठागरावर माणूस कमी पडायला लागलं. हात कागदावर वळत नाही. डायरी माझ्या मुलाला, हितेशला बिल्डरने दिलेली आहे, वर टॉवरचं चित्र आहे, ते चालवून घे.

लिहायचं कारण तुला माहीत आहे. तीस वर्षं माजिवड्यात कुणाला तुला काही विचारायचं असलं की तो मंगळवारी आमच्या घरी येतो. माझ्या बायकोच्या, शालूच्या अंगात तू येतेस आणि तिच्या तोंडून सांगतेस. कुणाची सोयरीक, कुणाची हरवलेली साखळी, कुणाचं पोर बोलत नाही. मी बाजूला तांदळाचं ताट धरून बसतो. आता विचारायचं आहे ते शालूबद्दलच. ते तिच्याच तोंडून कसं विचारू? ज्याची केस त्यालाच जज्ज करण्यासारखं होईल. म्हणून हा कागद.

शालूच्या डाव्या भुवईवर टेंगूळ आहे, अकरा वर्षं झाली. लोक म्हणतात तिथे तू बोट टेकवलंस. बायका पाया पडताना आधी स्वतःच्या भुवईला हात लावतात, मग तिच्या पायाला. मीही कधी शंका घेतली नाही. पण दिवाळीपासून तिचा डावा डोळा खाली उतरलाय आणि तिला एकाचे दोन दिसतात. चहा कपाच्या शेजारी ओतते. आमची सून करिश्मा मला न विचारता तिला वर्तकनगरला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी मागून रिक्षाने गेलो.

डॉक्टर नीरजा म्हणून बाई आहेत, तरुण दिसतात, पण केस पांढरे. त्यांनी फोटो दाखवला. म्हणाल्या, "ही हाडाचीच गाठ आहे. कॅन्सरसारखी दिसत नाही. कपाळाच्या हाडात एक पोकळी असते, ती खाली नाकात उघडते. तिथे ही वाढली आहे. पुष्कळांना बारीक असते, तिला आम्ही हातही लावत नाही. यांची मात्र डोळ्यावर उतरली आहे आणि मागे मेंदूच्या बाजूला टेकली आहे. ही काढायला हवी."

हाडाला हाड फुटतं हे मी या वयात पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणालो, "विचारून सांगतो."

"कुणाला?"

करिश्मा मोबाइल बघायला लागली. शालू म्हणाली, "मना काय विचारायचं नाय, बाय. कवा करता ते सांगा." मी तिला डोळ्यानेच गप्प केलं. तिने पाहिलं की नाही कळलं नाही, तिला मी दोन दिसत असणार.

शुक्रवार, २४ जानेवारी

पंढरी येऊन गेला. माझा चुलतभाऊ, तुझ्या देवस्थान मंडळाचा अध्यक्ष, तुला काय सांगायचं. म्हणाला, "आनंदा, देवीची खूण कापणं म्हणजे देवळाचा कळस उतरवणं. चैत्र पौर्णिमेची जत्रा होऊन जाऊ दे, मग बघू."

करिश्मा आतून म्हणाली, "जत्रेला अडीच महिने आहेत, काका. तोवर डोळा कोण सांभाळणार, मंडळ?"

"सून बोलते चांगली," पंढरी मला म्हणाला.

"शिकलेली आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार. शेवटी ठरलं की कौल लावायचा.

रविवार, २६ जानेवारी

कौल लावला. दोन पाकळ्या ओल्या करून तुझ्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर कापायचं, डावी पडली तर नाही. तासभर एकही हलली नाही. माझे गुडघे भरून आले. मग गेलेली लाइट आली, गाभाऱ्यातला पंखा फिरला आणि दोन्ही एकदम पडल्या.

पंढरी म्हणाला, पंख्याने पडलं ते धरायचं नाही. मी म्हणालो, लाइट येणं हीसुद्धा देवीची इच्छा असेल. तो म्हणाला, "लाइट बोर्डाची." परत पाकळ्या लावल्या तर त्या पडेचनात. पंढरीने अर्थ लावला की थांबा असं देवी म्हणते. त्याचा आवाज मोठा आहे. मी घरी आलो आणि जेवलो नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

आज सोळा माणसं आली. शालूचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, मी म्हणालो आज लोकांना परत पाठवू का. मग मीच म्हणालो, लांबून आलेत. ती बसली. तू आलीस, पण लवकर गेलीस. एका बाईने मुलीच्या लग्नाचं विचारलं तर तू फक्त म्हणालीस, "पोरीला विचार." ती बाई हिरमुसली. एवढी रिक्षा करून आले आणि एवढंच, असं तिच्या तोंडावर होतं.

नंतर शालू कपाळावर ओलं फडकं ठेवून पडली. मला म्हणाली, "एक मंगलवार तुमी बसता का माझ्या जागी?"

मी म्हणालो, "माझ्या अंगात कशाला येईल ती?"

"नाय येत. नुसतं बसायचं. लोकांचं ऐकायचं. तीस वरसांत एका मंगलवारी मना दुपारची झोप मिलाली नाय."

डोकं दुखलं की ती असं काहीबाही बोलते. मी पाय चेपून दिले.

तिचं नाकही गळतं आहे. वाकली की डाव्या नाकपुडीतून पाण्यासारखे दोन-चार थेंब पडतात. म्हणाली, घशात उतरतं ते खारट लागतं. मी हसलो. म्हणालो, मिठागरवाल्याची बायको, तुझं पाणीही खारं. बहुतेक सर्दी आहे.

सोमवार, ३ फेब्रुवारी

दुपारभर सासू-सुना दार लावून बसल्या होत्या. साड्या बघत असतील.

उद्या पंढरी मंडळाची चार माणसं घेऊन येणार आहे. म्हणतो, पाकळ्यांचं नको, देवीला सरळ तोंडी विचारू. मी म्हटलं, शालूबद्दल शालूच्या तोंडून? तो म्हणाला, "देवी काय शालूची नोकर आहे? ती सांगेल ते सांगेल." त्याला पक्कं वाटतं की तू थांबा म्हणशील.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

अक्षर वाकडं आलंय, समजून घे.

पंढरीने हात जोडून विचारलं, "आई, तुझी खूण डॉक्टर कापू म्हणतात. जत्रेपर्यंत थांबायचं ना?" त्याने 'ना' लावला तो मला आवडला नाही.

तू आलीस. आल्यावर तू एरवी मान फिरवतेस, केस सुटतात, आवाज चढतो, बाहेर ओटीपर्यंत जातो. आज मान हलली नाही. तू दाराशी उभ्या असलेल्या करिश्माकडे बघितलंस आणि मग हळू आवाजात म्हणालीस, "जत्रेला थांबू नका. कापा. मी हाडात राहत नाय."

पंढरीचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मग आई, जत्रेला कुणाच्या अंगात येशील?"

"ते मी बघीन. तू मांडवाचं बघ."

कुणीतरी मागे हसलं, मग खोकला काढला.

आई, हा आवाज मी ओळखतो. शालू आजारी असली की रात्री पाणी मागते ना, तसा होता. मी तांदळाचं ताट धरून होतो, ताटातले तांदूळ थरथरत होते, ते मी नीट पाहिले. ती तूच होतीस का, हे मी विचारत नाही. नाही, विचारतोच आहे. तू नसशील तर तिच्यावर धरू नकोस. माझ्यावर धर. माझं आता काय राहिलंय.

सोमवार, १० फेब्रुवारी

ऑपरेशन गुरुवारी. आज सह्या झाल्या. हितेशने सही केली, मग माझी मागितली, ती मी तीनदा खोडली.

डॉक्टर नीरजांनी समजावून सांगितलं. नुसत्या नाकातून दुर्बीण घालून सगळं निघणार नाही, गाठ फार वर आणि बाजूला आहे. म्हणून वरूनही उघडायचं. या कानापासून त्या कानापर्यंत केसांच्या आतून चीर, म्हणजे व्रण केसांत झाकला जाईल. कपाळाची कातडी खाली घ्यायची, हाडाची झडप उघडायची, गाठ आतून पोखरत पोखरत काढायची. शालू म्हणाली, "झडप परत लावाल ना, बाय?" डॉक्टर म्हणाल्या, लावणार, बारीक स्क्रूने.

मग त्यांनी सहज विचारलं, "नाकातून पाणी येतं का? वाकल्यावर? एकाच बाजूने?"

मी म्हणालो, थोडी सर्दी आहे, पंधरा दिवस झाले.

"चव कशी लागते?"

शालू म्हणाली, "खारट."

बाईंचा चेहरा बदलला. तिला तिथेच पुढे वाकवून बसवलं, थेंब बाटलीत धरले, तपासायला पाठवले. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, ही सर्दी नाही. मेंदूच्या भोवती पाणी असतं, ते गळतंय. गाठीने मागचं हाड झिजवून भोक पाडलंय. त्याच वाटेने जंतू आत गेले तर माणूस दोन दिवसांत जाऊ शकतो. हे आधी का नाही सांगितलंत?"

लहानपणी मी मिठाच्या वाफ्यात बोट बुडवून जिभेला लावायचो आणि पाणी किती पिकलं, किती खारं झालं ते सांगायचो. बापूस म्हणायचा, या पोराची जीभ सोन्याची आहे. आणि बायकोने खारट सांगितलं तर मी हसलो. मी पाकळ्या बघत बसलो होतो.

डॉक्टर म्हणाल्या, आता मात्र एक दिवस पुढे ढकलायचं नाही. मांडीतलं अस्तर घेऊन भोक बुजवणार. आम्ही बांधाला खांड पडली की भरतीच्या आत चिखल लावून बुजवायचो. तेवढं मला समजलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी साडेसातला आत नेली, दुपारी पावणेतीनला बाहेर आणली. मध्ये काय लिहू. हितेश बाकावर झोपला. करिश्माने मला दोनदा वडापाव दिला, मी दोनदा खिशात ठेवला. पाठ मोडून गेली आहे.

डॉक्टर बाहेर आल्या. डोळे लाल, नाकावर मास्कचा वळ. "निघाली सगळी. भोकही बुजलं. डोळ्याची नस शाबूत आहे." त्यांनी बाटली दाखवली. बरीचशी गाठ पोखरण्यात गेली, उरलेला तुकडा सुपारीएवढा. पांढरा, गुळगुळीत.

मी पंढरीला फोन केला. तो आधी म्हणाला, बरं झालं. मग म्हणाला, "तो तुकडा मागून घे. टाकू देऊ नकोस. चांदीच्या डबीत घालून देवीच्या पायाशी ठेवू. जत्रेला लोक दर्शन घेतील. यंदा शालू बसली नाही तरी चालेल मग."

मला ते पटलं. वाटलं, तुझाही मान राहील आणि शालूलाही बसावं लागणार नाही. मी डॉक्टरांना विचारलं. म्हणाल्या, आधी तपासायला जाईल, मग उरलं तर अर्ज करा.

शनिवार, १५ फेब्रुवारी

शुद्धीवर आहे. दोन्ही डोळे सुजलेत, नाकात बोळे, डोक्याला फेटा. शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, जोर करायचा नाही, सहा आठवडे खाली वाकायचं नाही.

शालूने तोंडाने श्वास घेत घेत विचारलं, "मंग पाया कशी पडू?"

"उभ्याने पडा," डॉक्टर म्हणाल्या.

"आनी दुसऱ्यांनी माझ्या पाया पडलं तर?"

"त्यांनाही सहा आठवडे सुट्टी द्या."

फेट्याखाली ती हसली असं मला वाटलं. औषधाचा अंमल असेल.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

घरी आणून चार दिवस झाले. आज लोक आले, सात-आठ. करिश्माने फाटकातूनच परत पाठवले. एक म्हातारी म्हणाली, निदान तोंड तरी बघू दे. करिश्मा म्हणाली, "तोंडच तर शिवलंय, आजी."

शालू सकाळी नऊपर्यंत झोपली आणि दुपारी पुन्हा झोपली. मी ओटीवर तांदळाचं ताट घेऊन बसून होतो. सवय. कुणी विचारायला नाही, कुणी सांगायला नाही. शेवटी तांदूळ डब्यात ओतले.

बुधवार, ५ मार्च

टाके आधीच निघाले होते. आज रिपोर्ट मिळाला. साधी हाडाची गाठ, कॅन्सर नाही. डॉक्टरांनी बोट समोर धरून विचारलं, किती? शालू म्हणाली, "एक." मला बाहेर जाऊन तोंड धुवावं लागलं.

तुकडा मिळाला. पंढरी संध्याकाळी डबी घेऊनच आला, आत लाल मखमल लावलेली. शालू भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "बघू." तुकडा तळहातावर घेतला, खिडकीकडे धरला, नखाने ठोकून बघितला.

"एवढासाच?" ती म्हणाली.

"वहिनी, तुझ्या नावाने नाही, देवीच्या नावाने ठेवायचा आहे," पंढरी म्हणाला.

"भावजी, अकरा वरसं मी हे डोक्यान घेऊन फिरली. रातभर ठणकायचं तवा देवी उठली नाय, मीच उठली. हे माझं हाड हाय. माझ्यासंगं जलंल."

"गाव काय म्हणेल?"

"गावाला सांगा, हाडाची पूजा करायची तर पयले मरावं लागतं."

पंढरी डबी मिटून गेला. जाताना मला म्हणाला, "तू काहीच बोलला नाहीस." खरं आहे. मी तिच्याकडे बघत होतो. डावा डोळा वर आलेला, उजव्याच्या रेषेत. अकरा वर्षांत मी तिचा चेहरा असा सरळ पाहिला नव्हता.

तुकडा तिने कपाटात बांगड्यांच्या डब्यात ठेवला.

मंगळवार, १८ मार्च

आज धीर करून विचारलं. करिश्मा बाहेर गेली होती. शालू वाल सोलत होती. मी म्हणालो, "त्या मंगळवारी पंढरीने विचारलं तेव्हा देवी होती की तू?"

ती सोलत राहिली. मग म्हणाली, "तीस वरसं नाय विचारलं. आता कनाला विचारता?"

मी म्हणालो, "असंच."

"तुमाला कोन वाटली?"

"मला... आई वाटली."

"मंग झालं."

मी म्हणालो, "परत येईल का ती?"

ती म्हणाली, "त्या टोपल्यातले वाल द्या इकडं."

मी दिले. दोघांनी मिळून सोलले. माझी बोटं तिच्यापेक्षा हळू चालतात.

रविवार, ६ एप्रिल, दुपार

आई, पुष्कळ दिवस लिहिलं नाही. थकवा आहे, दुसरं काही नाही. शालूची प्रकृती चांगली आहे. परवा दाखवून आणलं. दुर्बिणीने बघून डॉक्टर म्हणाल्या, भोक पक्कं बुजलंय, आता वाकायला, हलायला कसली बंदी नाही, वर्षाने एक फोटो काढू.

शनिवारी जत्रा. मांडव पडला, पालखी पॉलिश करून आली. शालूने काल सांगितलं की शुक्रवारी ती कल्याणला बहिणीकडे जाणार, करिश्मा गाडीने सोडणार, सोमवारी परत. तीस वर्षांत जत्रेला ती घरी नाही असं झालेलं नाही. हितेश म्हणाला, "जाऊ दे ना बाबा, मम्मी कधी कुठे गेलेली आहे?" मी आठवून बघितलं. गेलेली नाही.

सकाळी पंढरी मला देवळात भेटला. मी नेहमी पायरीवर बसतो तिथेच. म्हणाला, "आनंदा, ती नाही आली तर लोक म्हणतील, देवी कापून बाटलीत घातली. पालखी उठताना तिला नुसती पाच मिनिटं आण. मान हलवली की बास. डॉक्टरांनी परवानगी दिली ना?"

मी म्हणालो, "नाही दिली. मान हलवायची बंदी आहे."

"किती दिवस?"

"जन्मभर."

हे मी तुझ्या पायरीवर, तुझ्यासमोर बोललो. आधी ठरवलेलं नव्हतं. पंढरीने मान खाली घातली आणि म्हणाला, "बिचारी." तो वाईट माणूस नाही, तुझं काम करतो. मी त्याला खोटं सांगितलं.

तू रागावलीस का? माझ्याच हाताने मी तुझं दार लावलं का? की तीच दमलेली होती आणि मी तीस वर्षं ताट धरून बसलो होतो? हे मला कळत नाही आणि माझ्यासारख्याला कळायचंही नाही. पण एक ठरवायचं आहे. पालखीला माझा खांदा पुढचा डावा, बापूस गेल्यापासून. आणि शालूने कल्याणच्या बॅगेत माझेही दोन सदरे भरून ठेवलेत. मला काही म्हणाली नाही, नुसते भरले.

तर काय तो निरोप दे. पाकळीने दे, स्वप्नात दे, पंढरीच्या तोंडून दिलास तरी चालेल. शालूच्या तोंडून देऊ नकोस. शुक्रवारी सकाळी गाडी निघेल, त्याच्या आत कळव. लवकर कळव, आई.